खोका क्रमांक एकोणीस

पहिले अठरा खोके नुसत्या काळ्या कातळाचे.
वर हातभर चिकणमाती, मग मुरूम, मग कातळ,
कातळाखाली कातळ, मधे कुठे एक लाल पट्टा:
दोन लाव्हांच्या मधे जमिनीला उसंत मिळाली
तेवढ्यात ती माती होऊन बसली होती.
छब्बीर तडवी रिगवरूनच ओरडला,
"साहेब, नुसतं झाकणच कापतोय आपण.
खाली भांडं आहे ना नक्की?"

मी नक्की म्हणालो. मला नक्की माहीत नव्हतं.

माहीत होतं ते फाल्गुनातलं.
चोपड्याच्या उत्तरेला, सातपुडा जिथे पाय पसरतो,
त्या उतारावर तारेचं रीळ घेऊन आम्ही फिरलो.
दोन कच्ची मडकी, त्यात मोरचुदाचं निळं पाणी,
दर पंचवीस मीटरवर वीतभर खड्डा,
आणि यंत्राचा काटा शून्यापाशी घुटमळणारा.
ठुमलीबाईच्या बुजत आलेल्या विहिरीपाशी मात्र
तो उणे चारशेवर गेला
आणि तिथेच बसून राहिला, रुसलेल्या पाहुण्यासारखा.

विहीर तिच्या सासऱ्यानं खणलेली.
तिथे कातळ झिजून खिडकी पडली होती,
जुना खडक उघडा, उत्तरेला कललेला.
चार पुरुष खोलीवर काळं, निसरडं काही लागलं,
बादली काळी, दोर काळा, पाणी पिववेना.
म्हातारा वर आला तो पुन्हा उतरला नाही.
त्यातला एक गोटा ठुमलीबाईनं ठेवला होता
चुलीमागच्या कोनाड्यात.
"गाडीच्या आसाला चोळतो," म्हणाली.
"आसाची कुरकुर थांबते. आम्ही ह्याला मुका दगड म्हणतो."

एकोणिसाव्या खोक्यात,
ब्याण्णव मीटरवर, कातळ एकदम संपला.
मग गुलाबी-करडा पट्ट्यापट्ट्यांचा खडक,
त्यात डाळिंबाच्या दाण्यांसारखे गार्नेट,
आणि मग तो: चाळीस सेंटिमीटर,
तापीतल्या माशाच्या खवल्यांसारखा चमचमणारा.
छब्बीरनं हात पँटला पुसले. पँट चमकू लागली.
मी नख लावलं. थर मोडला नाही,
नुसता सरकला, बाजूला झाला,
गर्दीत कोणी जागा करून द्यावी तसा.

एके काळी हा चिखल होता.
मासा नव्हता, डोळा नव्हता, अशा समुद्राच्या तळाशी
कुजलेल्या शेवाळाचा चिखल.
वर ओझं आलं, आच आली,
उडून जाण्यासारखं जे होतं ते उडून गेलं.
उरलं त्यानं मान खाली घालून
पापुद्र्यावर पापुद्रा रचला.
पुढे कधीतरी लाव्हा आला, झाकण घालून गेला.
अजूनही उनपदेवला पाणी ऊन येतं.
खाली कुणाची तरी चूल पुरती विझलेली नाही.

रात्री आईचा फोन, अंमळनेरहून:
"काय सापडनं का रे?"
सापडनं, म्हणालो.
"सोनं?"
नही वं माय. पेन्सिलीमजारलं काळं.
ती थोडा वेळ गप्प. मग, "जेवनास का?"

नागपूरहून तपासणी आली.
पापुद्रे मोठे, उत्तम. प्रमाण तीन टक्के. जाडी अपुरी.
आणखी पाच भोकं पाडली तर काही सांगता येईल,
आणि तूर्त पाच भोकांचे पैसे नाहीत.
मी नोंदवहीत पेन्सिलीनं लिहिलं,
कारण शाई पावसात पसरते:
खोली, कल, रंग, पापुद्र्याचा आकार.
स्थानिक नाव असा रकाना नव्हता.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

रिग उतरवली त्या रात्री
खोके पत्र्याच्या शेडमध्ये लावून मी बाहेर बसलो.
वाटेनं एक बैलगाडी गेली.
बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली, कंदील हलताना दिसला.
चाकांचा आवाज आला नाही.