तारीख

उद्यमनगरात दोन लेथच्या दुकानांमध्ये दबलेलं हॉटेल.
सगळे म्हणतात दत्तूअण्णाचं.
दत्तूअण्णा जाऊन अकरा वर्षं झाली.

मी मोरीशेजारच्या टेबलाशी बसते.
शिंतोडे उडतात म्हणून तिथं कुणी येत नाही,
वही पसरता येते.
पहिला चहा मागून. दुसरा दस्तगीर आपणहून ठेवतो.

ते सख्खे भाऊ रोज येतात, दोन तालमींचे.
फुटबॉलचा सीझन सुरू झाला की
पाठीला पाठ लावून बसतात,
बिल मात्र एकच. आज याचं, उद्या त्याचं.

आणि पावणेनऊला ते,
ओतकामाचे लाकडी साचे करणारे,
भुवयांत सागवानाचा भुसा.
स्लाइसच्या कडा आधी सोडवून बशीत रचायचे,
मऊ भाग कटात बुडवायचा,
कडा शेवटी, एकेक,
पगाराला उधारी फेडावी तशा.

(ही उपमा मी दोनदा खोडली होती.
तिसऱ्यांदा तीच आली.)

मग एक दिवस बाई आली,
प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्डाची झेरॉक्स.
‘रंगराव सुतार. आमचं मालक.
सोमवारपास्नं घरात न्हाईत. हितं कवा आलते शेवटचं?’
गल्ल्यावरचा पोरगा गप्प. भाऊ दोघंही वळले, एकाच वेळी.
दस्तगीरनं फडक्यानंच माझ्याकडं बोट केलं :
‘त्या लिवत असत्यात सगळं. त्यांच्यात असंल.’

मी वही चाळली.
भुसा होता. कडा होत्या. उधारी होती.
तारीख कुठंच नव्हती.
नाव तर मला आत्ताच कळलं होतं.

ती शेजारी बसली, शिंतोड्यांत.
ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं तिनं.
‘कडा?’ म्हणाली.
‘घरात तर मुकाट भाकरी खायाचं.’
जरा वेळानं : ‘ह्ये पान देता?’

मी फाडून दिलं.
तिनं घडी करून झेरॉक्समागं सरकवलं
आणि उठताना, काय सुचलं तिला,
माझ्या चहाचे पैसे देऊन गेली.

आता मी आधी तारीख घालते.
पुष्कळदा खाली काहीच उतरत नाही.
पावणेनऊला दस्तगीर टेबल पुसत येतो,
वहीत डोकावतो, वाचता येत नाही त्याला :
‘काय लिवलासा?’

बुधवार, मी सांगते.
भाऊ दोघं.
ते नाहीत.