सात नंबरचं दुखणं

ग्रिम्सबीच्या वाचनालयाखाली, जिथे पूर्वी कोळसा साठवत,
तिथे आता बारा हार्ड डिस्क फिरत असतात.
सकाळी कोट काढायच्या आधी
मी त्यांची विचारपूस करते.
एका ओळीची आज्ञा, मग एकेकीचं उत्तर:
उत्तीर्ण. उत्तीर्ण. उत्तीर्ण.
सात नंबरही म्हणते, उत्तीर्ण.

तेवढ्यावर मी जात नाही.
खाली बारीक अक्षरांत आकडे असतात,
ते चष्मा पुसून वाचते.
चालू असल्याचे तास: त्रेचाळीस हजार आठशे बारा.
ताप: एकेचाळीस.
जागा बदललेले कप्पे: मंगळवारी आठ,
बुधवारी आठ,
गुरुवारी चोवीस.
उंबरठा अजून लांब आहे, असं प्रोग्रॅम म्हणतो.
तो उंबरठा कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी आखला,
माझ्या सात नंबरचं तोंडही न बघता.

एखादा कप्पा जायला लागला
की ती त्यातलं हाती लागेल ते उचलते,
मागच्या राखीव कोपऱ्यात नेऊन ठेवते,
आणि जुन्या पत्त्यावर कुणी आलंच
तर गुपचूप तिकडे धाडते.
वर कुणाला कळू देत नाही.
याला आमच्या कऱ्हाडात दुखणं अंगावर काढणं म्हणतात,
आणि म्हणताना आवाजात अर्धं कौतुक असतं.

विल्फ ड्यूसबरी दर गुरुवारी येतो, बिस्किटांचा डबा घेऊन.
पन्नास वर्षांपूर्वी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून
गोदीमागच्या गल्ल्यांतून तो दारोदार हिंडला,
बोटींवरच्या माणसांचं बोलणं, घरी जाळी विणणाऱ्या बायांचं.
मूळ कॅसेटी ओल लागून गेल्या.
जे उरलं ते सात नंबरवर.
दुसरी प्रत पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आहे.

कसे आहात, मी विचारते.
नॉट सो बॅड, लव्ह.
पायऱ्या चौदा. पूर्वी एका दमात उतरायचा.
आता नवव्या पायरीशी, वळणावर, थांबतो
आणि आग विझवण्याच्या सूचना वाचतो.
तीन महिने झाले, तेच वाचतोय.

हिशेबाच्या मिसेस प्रॉक्टर म्हणाल्या,
'उत्तीर्ण लिहिलंय ना? मग?'
शुक्रवारी नवी डिस्क मी माझ्या पैशाने आणली
आणि रात्री नक्कल सुरू केली.
टक्.
बाकी अकराजणी सुपातून बघत होत्या.
टक्. टक्.
पुढून वाचेना तेव्हा मागून वाचायला लावलं,
वाट बघितली, थंड होऊ दिलं, पुन्हा विचारलं,
लहान मुलाला शाळेत काय झालं ते विचारावं तसं,
दुसरीकडे बघत.
पहाटे चारला सगळं आलं.
अकरा सेकंद सोडून.

टेप दोनशे बारा, एड्ना कॅमॅक, जाळी विणणारी.
'त्या रात्री रेडिओवर सगळ्या बोटींनी हजेरी दिली,
आणि मग...'
पुढे अकरा सेकंद काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.
मग तिचाच आवाज, तसाच, वर ना खाली:
'म्हणून मी जाळं पुरं केलं.
पैसे नगावर मिळायचे ना.'

विल्फने दोनदा ऐकलं.
तुम्ही समोर होतात, मी म्हटलं. मध्ये काय होतं?
'काही नाही.
किटलीची शिट्टी वाजली, ती उठून गेली.'
त्याने बिस्किटाचे दोन तुकडे केले,
खाल्ला एकही नाही.
आकड्यांची ओळ इथे कुठे छापलेली नसते.
मी यादीत लिहिलं: अकरा सेकंद, किटली.

सात नंबर काढली तेव्हा हाताला कोमट लागली.
तिच्यावर चिठ्ठी चिकटवून तारीख घातली. फेकवली नाही.

मग वाचनालयाची एक मोडीतली खुर्ची
ओढत नेऊन नवव्या पायरीच्या वळणावर ठेवली.
कुणासाठी, त्याने विचारलं.
माझ्यासाठी, मी म्हटलं, हल्ली गुडघा बोलतो.
पुढच्या गुरुवारी त्याने खुर्चीवर टोपी ठेवली,
आणि उभ्या उभ्याच
सूचना वाचल्या, शेवटपर्यंत.