मागचं सील

सकाळी उठून आधी पुठ्ठा बघते.
मिक्सरच्या खोक्याचा, रात्री गाडीखाली सरकवलेला.
परवा डाग आठ आण्याएवढा होता,
आज बशीएवढा,
कडेने पिवळट, मध्ये काळा कुळकुळीत.
बोट लावलं की वास दिवसभर जात नाही,
कणीक मळतानाही येतो.

सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली आहे :
पार्किंगमध्ये नवीन फरशा बसवल्या आहेत.
काही सभासदांची वाहने गळतात.
समजणाऱ्यांनी समजावे.
नाव नाही घातलं. पुण्यात घालत नाहीत.

धायरी फाट्याला, पुलाच्या सावलीत,
रियाज तांबोळी खड्ड्यात उतरला.
बराच वेळ नुसता टॉर्चचा उजेड हलत होता.
वर येऊन हात पुसत म्हणाला,
मागचं सील गेलंय मॅडम.
केवढ्याचं असतं?
साडेसहाशे.
मी पर्स उघडली.
थांबा, म्हणाला.
सील साडेसहाशेचं. तिथवर पोचायचा खर्च वेगळा.
गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच सुटणार,
आता सोडलाच आहे तर प्लेट पण,
आणि प्लेट बदलली तर…
पाठकोऱ्या पावतीवर आकडे उतरत गेले,
खाली रेघ :
सव्वीस हजार चारशे.
आणि विकली तर?
पंचावन्न. गिऱ्हाईक खाली वाकलं नाही तर.

घरी विद्याधरने कॅल्क्युलेटर काढला.
महिन्याला लिटरभर ऑइल ओतलं तर साडेचारशे,
म्हणजे तेवढ्या पैशात जवळजवळ पाच वर्षं ओतता येईल.
तेवढी टिकणार आहे का ती?
मार्चमध्ये पंधरा भरतात, मग पासिंग,
आळंदी रोडला आरटीओची रांग,
आणि हल्ली रिक्षा दारात येते की.
त्याचं सगळं बरोबर होतं.
बरोबर असलेल्या माणसाशी काय बोलायचं?
मी भेंडी चिरत राहिले.

फ्लॅट त्याच्या नावावर.
गॅस त्याच्या वडिलांच्या, अजून.
लाइट बिल तर बिल्डरच्याच नावाने येतं,
माझा फोन लेकीच्या प्लॅनमध्ये.
आरसीवर मात्र कालिंदी,
एकटी,
तेही चुकलेल्या स्पेलिंगची.

चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकले.
सिंहगड रोडवर, ऐन सहाच्या गर्दीत,
मोटर ट्रेनिंगचे घुले सर ओरडले होते,
काकू, हॉर्न वाजवायचा असतो,
माफी मागायची नसते!
विद्याधर कधी शिकलाच नाही.
डावीकडे बसतो, पिशवी मांडीवर,
आणि मी जरा वेग घेतला की
उजवा पाय करकचून दाबतो
जिथे ब्रेक नाहीच.
पंधरा वर्षं दाबतोय.

मंगळवारी आरडी मोडली.
फॉर्मवर कारणाचा रकाना होता.
"गळती" लिहिलं, मग खोडलं,
"घरगुती" लिहिलं.
विद्याधरला संध्याकाळी सांगितलं,
भाजी वाढताना, म्हणजे त्याला उठता येऊ नये.
तो म्हणाला, तुझे पैसे.
बराच वेळ म्हणाला ते, दोन घासांच्या मधे,
आणि मीठ मागितलं.

शुक्रवारी गाडी आणायला गेले.
रियाजने जुनं सील माझ्या तळव्यावर ठेवलं.
रबराचं कडं, लाकडासारखं कडक,
नख लावलं तर टवका उडाला.
मनगटात घालून बघितलं, कुणी बघत नसताना.
सैल.
एवढ्यासाठी? म्हटलं.
हो ना, म्हणाला,
आणि सुट्टे शंभर शोधायला लागला.

मग एकदम आठवून :
मॅडम, आतली मॅटं झटकली.
तुमच्या बाजूचं चांगलं आहे,
पण डावीकडच्याला एवढं भोक कसं पडलं?
नवीन टाकतो, चारशे.

नको, म्हटलं.
तिथून काही गळत नाही.