बत्तीस किलोबाइट

चुरापचातल्या माझ्या टेबलावर
चिमट्याने मांडून ठेवल्यात चार चिप,
मसुराच्या डाळीएवढ्या.
समोर प्रोकोपी, टोपी मांडीवर.
त्याच्या मिशांतला बर्फ वितळून
टपटपतोय सर्किटच्या नकाशावर.
"तुयारा, तुझं गेल्या वर्षीचं यंत्र
विसराळू निघालं."

विसराळू नव्हतं ते.
मी एसडी कार्ड घातलं होतं, हाताशी होतं म्हणून.
अख्ख्या गावाचं बोलणं मावलं असतं त्यात,
पण त्याला नुसतं जागं करायचं
तर नमनालाच घडाभर तेल.
डिसेंबरात, उणे बावन्न असताना,
बॅटरीने मान टाकली
नेमकी लिहिता लिहिता, अर्ध्या अक्षरावर,
आणि कार्डाने स्वतःची सूचीच गिळली.
सप्टेंबरपासूनचे आकडे आत असतील,
दार कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही.

प्रोकोपीचं बर्फाचं तळघर: सहा मीटर खोल,
घोड्याचं मांस, मासे,
उन्हाळ्यात प्यायला तळ्यातून कापलेल्या लाद्या.
दोन उन्हाळे झाले, भिंतींना घाम येतो.
जिल्हा कचेरीतली वार्वारा विचारते, पुरावा?
त्याने खांबावर पेन्सिलीने मारलेल्या रेघा
तिने पाहिल्या, आणि म्हणाली,
रेघांना दशांश नसतो.

म्हणून ही निवड.
पहिली, साधी रॅम: चपळ, जवळजवळ फुकट खाणारी,
पण बॅटरीचा हात सुटला की ओळखच देत नाही.
दुसरी फ्लॅश. पोट मोठं, दाम कमी,
मात्र एक आकडा बदलायचा
तर चार हजार पुसायचे.
तिसरी ईईप्रॉम, जुनी, सरळमार्गी,
प्रत्येक ओळ गिरवत बसते पाच मिलिसेकंद,
आणि तेवढा वेळ बॅटरी
श्वास रोखून उभी.

चौथी फेरो-रॅम.
नावात लोखंड, अंगात कणभरही नाही.
लिहिते आणि झोपते,
लिहिलं हे तिलाही जाणवत नसावं.
महाग आहे. आणि लहान,
बत्तीस किलोबाइट फक्त.

"पुरेल?"
कागदावर हिशेब मांडते:
तासाला एक नोंद, नोंदीला दोन बाइट,
सहाशे ब्याऐंशी दिवस.
"दर मिनिटाला का नाही?"
मी म्हणते, जमीन दर मिनिटाला मत बदलत नाही.
तो हसत नाही.
"हल्ली बदलते," म्हणतो.

मग माझी खरी अडचण सांगते:
कंपनीच्या कागदावर उणे चाळीसपर्यंतच हमी,
आणि डबा तर झाकणाशी, बाहेर, उघड्यावर.
तो माझ्याकडे बघत राहतो,
लहान पोराकडे बघावं तसा.
"बाहेर कशाला? खाली ठेव. माशांच्या फळीवर.
हिवाळ्यात तिथे ऊबच असते."
उणे सहा!
दोन वर्षं मी वायर लांबवत बसले होते.

कागदावर पुढे लिहिलंय,
आठवण उकाड्यात दहा वर्षं टिकेल,
जितकी थंडी, तितकी अधिक.
वाचून दाखवते.
"मांसासारखंच की," तो म्हणतो.

"आणि भरली की?"
"भरली की सगळ्यात जुनी नोंद पुसायची,
तिच्या जागी नवी. सगळे असंच करतात."
टोपी घालता घालता तो थांबतो.
"जुनी पुसू नको.
भरली तर थांबू दे तिला.
तो पहिला आकडाच तर
वार्वाराला दाखवायचाय."

एक ओळ होती प्रोग्रॅममध्ये, खोडली.

जाताना त्याने चिपांशेजारी ठेवला
एक गोठलेला मासा, काठीसारखा ताठ.
मी घाईघाईने उचलला,
खिडकीबाहेरच्या खिळ्याला टांगला.
तिथे त्याला काही होत नाही,
एप्रिलपर्यंत तरी.