बारावी कॅसेट

आमच्याकडे बारा कॅसेटी होत्या.
जेल रोडला, इस्त्रीवाल्याच्या डोक्यावरची खोली,
खालून कोळशाची धग, वरून पत्रा.
संध्याकाळी सहाला पंखा बंद करायचा,
त्याची घरघर माईकमध्ये जायची,
आणि मी मानेचा घाम टिपून म्हणायचे,
नमस्कार, आज शहर में…

माझी हिंदी रामबागेतली.
पत्रं यायची: बाई, पाणी नका म्हणू, पानी म्हणा.
त्याच पत्रात खाली,
कालची मोरपंखी साडी कुठल्या दुकानातली?
साडी टेबलापर्यंतच दिसायची.
टेबलाखाली रबरी चपला.

सियागंजात साखर चढली.
यशवंत सागर दोन फूट उतरला.
उद्या पाणी (पानी) येणार नाही.
हरवला आहे: वय सात, निळी चड्डी,
नाव विचारलं तर सांगतो.

मग नकला निघायच्या, आणि शिंत्रे लूनाला किक मारायचे.
मल्हारगंज आठला.
पलासिया साडेआठला.
सुदामानगर नऊला, तिथे ऑपरेटर जेवत असायचा.
खजराना सगळ्यात शेवटी, साडेनऊ, कधी दहा.
माझा तो एकच 'आज'
पिशवीत घालून त्यांनी शहरभर वाटला,
कुठे गरम, कुठे निवलेला.

तो निळ्या चड्डीतला पोरगा
साडेसातलाच सापडला होता,
ठाण्यात बसून जिलबी खात होता.
पण खजरान्यात तो साडेनऊला हरवला.
माणसं टॉर्च घेऊन नाल्यापर्यंत गेली.
शिंत्रे सांगत होते, भिया, मिल गया,
कोणी ऐकेना. टीव्हीवर बाई सांगत होती ना.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर पारस कासलीवाल आला.
पन्नास रुपयांचा स्टँप पेपर, पावशेर पेढे.
बातमी तुमची, इंटरनेट माझं,
नफा निम्मा-निम्मा.
कशाचा निम्मा, ते कोणी विचारलं नाही,
सगळ्यांच्या तोंडात पेढा होता.
कोपऱ्यात मोडेम कोकलायचा,
मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा,
आणि आम्ही हात जोडून उभे, लागली का लाइन, लागली का.

शिंत्र्यांनी विचारलं, मग मी कुठे जायचं?
कासलीवाल म्हणाला, अमेरिकेला.
सगळे हसले.
शिंत्रेही हसले, जरा उशिरा,
खजरान्यासारखे.

न्यू जर्सीहून माझ्या नणंदेचं पत्र आलं.
पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसलीस.
चाळीस मिनिटं थांबले, तेव्हा तू तोंड उघडलंस
आणि तशीच राहिलीस.
बरी आहेस ना?

रोज रात्री कालच्यावर आजचं चढायचं.
साखर पुसून पाणी, पाणी पुसून लग्नाच्या जाहिराती.
चार वर्षं मी वाचलं,
आणि चार वर्षं मीच ते पुसलं.
कॅसेटीच्या पाठीला प्लास्टिकचा एक दात असतो,
तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही चढत नाही.
एक दिवस मोजल्या तर अकरा भरल्या.
कासलीवालने हरवल्याचे साठ रुपये लिहिले.

मग दिल्लीचे चॅनल आले, चोवीस तास.
करारनामा कुठल्या ड्रॉवरमध्ये गेला कोण जाणे.
आमच्या वेबसाइटच्या नावावर
पुढे माहीत पडलं, कोणी टाइल्स विकतो.

आवराआवरीच्या दिवशी शिंत्र्यांनी
लूनाच्या डिकीतून बारावी काढून दिली.
दात मोडलेला, स्क्रूड्रायव्हरनं, नीट.
चिठ्ठीवर त्यांच्या तिरक्या अक्षरात:
खजराना. पोचवली नाही.

आता लावायला मशीन नाही.
त्या रात्री मी काय वाचलं होतं, आठवत नाही.
दिवस कुठले होते, तेवढं आठवतं.
विचारलं तेव्हा म्हणाले,
काही नाही बाई, लूना पंक्चर होती.