सहा सेकंद

कळव्याच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर,
एक्स-रेच्या शेजारी माझी खोली.
खिडकी खाडीकडे, पण उघडायची नाही,
मशीनला बाहेरचा वारा चालत नाही.

दिवसभर मी एकच ओरडते:
घ्या, घ्या, घ्या, अजून घ्या
आणि सोडा! सोडा सोडा सोडा, थांबू नका!
बाहेर बाकावरच्यांना वाटतं
आत कुणाचं तरी बाळंतपण चाललंय.

आज हसुराम भोईर, त्रेसष्ट, तुर्भे गाव.
तीस वर्षं दिवसा खडीच्या खदानीत,
रात्री हळदीच्या मांडवात कॉर्नेट.
नाकाला चिमटा लावला तसा हसला,
"मना फुकाला शिकवतंस, बाय?"

तरी मी तक्त्यावर पट्टी फिरवत गेले, सवयीने.
ही श्वासनळी. हिच्या कूर्चेच्या कड्या
पूर्ण गोल नाहीत, मागून उघड्या.
मागच्या खोलीत अन्ननळी राहते,
घास उतरताना तिला जरा फुगावं लागतं.
शेजारधर्म.
पुढे दोन वाटा. उजवी रुंद आणि सरळ,
म्हणून पोरांच्या घशातून निसटलेले शेंगदाणे, टाचण्या
बहुतेक उजवीकडेच सापडतात.
उजव्या फुप्फुसाचे खण तीन, डाव्याचे दोन.
डाव्याने हृदयाला जागा दिलीय,
त्याबद्दल ते कधी बोललेलं नाही.

मग वाटेला फाटे, फाट्यांना फाटे,
वीस-बावीस वेळा,
आणि टोकाला कोश. कोट्यवधी. साबणाच्या फेसासारखे.
भिंत एवढी पातळ, की रक्त आणि वारा
एकमेकांच्या अंगावरून जाता जाता
देणंघेणं उरकतात.
दगडाची भुकटी नेमकी तिथेच जाऊन बसते.
हे मी बोलले नाही.

"पन हवा खेचतं कोन?"

कोणी नाही, काका.
खाली एक पडदा आहे, घुमटासारखा.
तो उतरतो. बरगड्या उचलल्या जातात,
बादलीची कडी उचलावी तशा.
आत जागा होते.
जागा झाली की हवा आपली आपण येते.

तो बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला.
"पावन्यासारखी," म्हणाला, "पाट मांडला का येतान."

पहिल्या खेपेला खोकला.
दुसऱ्यांदा तिसऱ्या सेकंदाला मान हलली,
थांबला, डोळे पुसले, मला पाणी नको म्हणाला.
घणसोलीला एकदा एका सुरावर
नवरीच्या पाचही मामांचं ओवाळणं झालं होतं,
नोटा संपल्या, सूर नाही.
असं सांगून त्याने ओठ आवळले,
नळी जिभेने चाचपली,
जणू तिला कळ दाबायची बटणंही असतील.

घ्या घ्या घ्या. आणि सोडा!
मी घड्याळ बघत होते, तो माझ्या हाताकडे,
बोट खाली येईपर्यंत सोडायचं नाही
हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.
चार. पाच. गळ्याच्या शिरा. सहा.

पडद्यावर डोंगर उमटला.
आकार बरोबर, चढ खडा, उतार सरळ,
फक्त छोटा. निम्म्याहून छोटा.
ट्रकांनी बाकीचा नेलेला.

"झाली का सगली खाली?"
नाही काका, सगळी कधीच होत नाही.
कितीही जोर लावा, लिटरभर मागे राहते,
नाहीतर कोश मिटून चिकटून बसतील.
"ती किती हाय, लिवलंस?"
ती या मशीनला मोजता येत नाही.

"मंग र्‍हाऊ दे," म्हणाला, आणि चिमटा
स्वतःच काढून माझ्या हातात ठेवला.

बाहेर जिन्यापाशी थांबत थांबत गेला असावा.
चपलांचा आवाज, मग काही नाही, मग ओठांची भिरभिर,
बाजा नसताना बाजाची,
दीड ओळ हळदीच्या गाण्याची,
मग खोकला.

अहवालात शेरा लिहायला एक ओळ असते.
लिहिलं: रुग्णाचे सहकार्य उत्तम.
आणि हाक मारली, पुढचे कोण.