पंचेचाळीस मीटर खाली

डोकं सांभाळा, दार बुटकं आहे.
लिफ्टमध्ये तिघंच. बाकीच्यांनी वर थांबायचं.
मी लुक्यान ओनिश्को. पूर्वी मेजर. आता
तिकिटं फाडतो, दिवे लावतो,
आणि सहावीच्या वर्गाला सांगतो
की इथून जग संपवायला दोन माणसं लागायची,
आणि त्या दोघांना लघवीला जायलाही
परवानगी लागायची.

मुलं हसतात. दरवेळी याच जागी हसतात.

आज अकरा मुलं.
शेवटची खेप उतरली आणि वर भोंगा झाला,
मागोमाग वीज गेली.
बाई म्हणाल्या, इथंच थांबू.
थांबू या.
काळ्या मातीखाली स्प्रिंगांवर टांगलेली ही खोली
त्यांचा बॉम्ब डोक्यावर पडला तरी
आमचा सुटावा, एवढ्यासाठीच बांधलेली.
तेव्हाचे ‘ते’ वेगळे होते.
आताचे ‘ते’ तेव्हा ‘आम्ही’ होतो.

बॅटरीच्या उजेडात
देम्को नावाचा एक मुलगा माझ्या खुर्चीत बसला.
पट्टा आवळून घेतला, न सांगता.
राखाडी बटणावर बोट ठेवून म्हणाला,
आजोबा, हे दिलंत कशाला?

काय सांगू?
झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं.
आमचीही मूठ झाकलेली होती,
पण बोटं दुसऱ्याची होती, बाळा.
आकडे मॉस्कोहून यायचे.
कुठलं शहर, ते आम्हाला कधी कळलं नाही.
आम्ही नुसते सोबतीला,
परक्याच्या तिजोरीपुढे झोपणाऱ्या माणसासारखे:
तिजोरी आपल्या घरात, किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला.

कुलूप फोडता आलं असतं, असं काही जण म्हणतात.
असेल.
त्या हिवाळ्यात पगार साखरेच्या पोत्यात मिळायचा
आणि शेजारी गॅसची उधारी मोजत बसलेला.
विमानं पुढे त्या उधारीतच वळती झाली.

मग तो कागद. मी पाहिलाय, छापील.
माझी मुलगी यारिना भाषांतरं करते, तिनं दाखवलं:
हे बघा बाबा, त्यांच्या प्रतीत ‘आश्वासन’,
आपल्या प्रतीत ‘हमी’.
दोन शब्दांत अंतर किती असेल?
एका बोटाचं.
त्या अंतरात तिचं घर होतं, खारकिवला, चौथ्या मजल्यावर.
आता ती माझ्याकडे राहते,
अमेरिकेच्या पैशातून मिळालेल्या माझ्या दोन खोल्यांत.
रॉकेटं मोडणाऱ्यांना घरं मिळाली होती.
घर चांगलं आहे. नळाला गरम पाणी येतं.

रात्री ती विचारते, पश्चात्ताप होतो का?
मी म्हणतो, भांडी राहू दे, मी घासतो.

कारण मला त्र्याऐंशीतली एक रात्र आठवते.
सराव होता, पण आम्हाला सांगितलं नव्हतं.
किल्ली फिरवली. मी फिरवली, देम्को.
हात थरथरला नाही, हेच वाईट.
नंतर वर येऊन मी बीटचं सूप मागून घेतलं,
दोन वाट्या.

हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, पुन्हा कधीतरी.
म्हटलं, लहान देशाला
निजायला लागते ती एक खात्रीची भिंत.
बॉम्ब म्हणजे भिंत की नुसतं भिंतीचं चित्र,
मला आत बसूनही कळलं नाही.
बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
त्यांचा नवरा आघाडीवर आहे.
म्हणाल्या, चित्र तर चित्र,
असतं तर बरं झालं असतं.
मी मान हलवली. होकार होता की नकार,
अंधारात त्यांना दिसलं नसावं.

मुलांना भूक लागली.
सूर्यफुलाच्या बिया निघाल्या, खिशाखिशातून.
वर जिथे कोठारं होती त्याच रानातल्या असतील,
नसतीलही.
टरफलं त्यांनी दिव्यांच्या फळीवर टाकली, बटणाभोवती.
एका चुऱ्यापायी तेव्हा माझं कोर्ट मार्शल झालं असतं.

पाऊण तासानं वीज आली.
तिघंतिघं वर पाठवली. शेवटी देम्को.
पट्ट्याची कडी त्याला उघडेना. मी उघडून दिली.

मग टरफलं गोळा केली, एकूण एक,
आणि मूठ झाकून
लिफ्टची वाट बघत उभा राहिलो.